१९७७ ची ३३ फुटी क्रूझर-रेसर घ्यावी का? बेळगावच्या तिघा मित्रांना सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिघे मित्र. एकाची उद्यमबागेत फाउंड्री, एक निपाणीला हायस्कुलात शिक्षक, एक खानापूरला व्यापारी. गोव्यात १९७७ साली बांधलेली फायबरची ३३ फुटी शिडाची बोट विकायला आहे. मालकानं तुम्हाला एक दुपार फिरवून आणलं. अग्वादच्या बाहेर वाऱ्याच्या तोंडावर जाताना बोट अशी काही चालली की तिघेही प्रेमात पडलात. परत येताना वारा पाठीशी आला आणि तीच बोट पाळण्यासारखी झोके घ्यायला लागली, मास्तरांना उलट्या झाल्या. धक्क्यावर एकानं सांगितलं, "जुन्या रेटिंगचा माल आहे, धोक्याचा, नाद सोडा." दुसरा म्हणाला, "असली बोट आता कोण बांधत नाही, डोळे झाकून घ्या की ओ." तुम्ही विचारलंय, खरं कुणाचं?

दोघांचंही अर्धं-अर्धं खरं आहे. पहिल्याला ती बोट मागच्या वाऱ्यात दिसली, दुसऱ्याला समोरच्या. माझ्या मते बोट घेण्यासारखी आहे, पण दोन अटींवर. तिचा आकार असा का आहे हे तुम्ही नीट समजून घ्यायचं, आणि कीलचे, म्हणजे बोटीच्या बुडाखाली तोल धरणाऱ्या जड पात्याचे, बोल्ट तपासल्याशिवाय इसार म्हणूनही पैसे द्यायचे नाहीत.

मी खानापूर तालुक्यातला. म्हादई आमच्याच तालुक्यातल्या जंगलात उगम पावते आणि खाली गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते, त्यामुळे आमच्याकडचा माणूस पाण्यामागं गोव्याला गेला तर त्यात नवल वाटू नये. लष्करात असताना खडकवासल्याच्या पाण्यावर एंटरप्राइज नावाच्या छोट्या दोन माणसांच्या बोटीत शीड शिकलो. निवृत्तीनंतर वीस वर्षं गोव्याच्या यार्डांत डोलकाठ्या उभ्या करणं, तारा बदलणं, जुन्या बोटी घेणाऱ्यांसाठी तपासून देणं हेच काम केलं. तुमच्या बोटीच्या पिढीतल्या बऱ्याच बोटी हाताखालून गेल्या आहेत.

तुम्ही पाठवलेली मापं अशी: एकूण लांबी ३३ फूट, पाण्याच्या रेषेवरची लांबी २५ फूट, रुंदी ११ फूट, वजन ४,७६० किलो, त्यातलं सुमारे २,००० किलो बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कीलचं, पाण्यात बसते ६ फूट २ इंच, शिडाचं क्षेत्रफळ ५२० चौरस फूट. सुकाणू कीलपासून वेगळं, मागे, छोट्या स्केगला, म्हणजे बुडाखालच्या लहान पात्याला, टेकलेलं. एवढ्यावरून बरंच सांगता येतं.

आधी आकाराचं बोलू. ही बोट वरून पाहिली तर मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती दिसते, मागची बाजू तर चिमटीत धरून ओढल्यासारखी. आजच्या बोटींची पिछाडी रुंद, जवळजवळ सपाट असते. समुद्राच्या लाटा त्याच आहेत, मग पन्नास वर्षांत आकार इतका का बदलला? कारण १९७० च्या सुमारास मोठ्या बोटींच्या शर्यतींसाठी इंटरनॅशनल ऑफशोअर रूल नावाचा एक नियम आला. त्याआधी इंग्रजांचा एक नियम होता, अमेरिकनांचा दुसरा. दोन्हींच्या जागी हा आला आणि १९९० च्या आसपासपर्यंत त्याचंच राज्य होतं. वेगवेगळ्या आकाराच्या बोटी एकत्र धावायच्या तर कुणाला किती सवलत द्यायची हे ठरवावं लागतं. हा नियम बोटीच्या अंगावर ठरावीक जागी मापं घ्यायचा, ती सूत्रात घालायचा आणि फुटांमध्ये एक आकडा काढायचा. तेच रेटिंग. रेटिंग जितकं कमी, तितकी सवलत जास्त.

मास्तरांना हे लगेच कळेल. प्रश्नपत्रिका दरवर्षी त्याच धड्यांवर निघते म्हटल्यावर मुलं तेवढेच धडे पाठ करतात. आराखडे काढणाऱ्यांनी तेच केलं. सूत्रात रुंदी आणि खोली वाढली की रेटिंग खाली यायचं, म्हणून मधला भाग फुगवला. टोकं निमुळती केली की मोजलेली लांबी कमी भरायची, म्हणून पिछाडी आवळली. जास्त स्थिर बोटीला दंड होता, म्हणून काही जणांनी कीलचं वजनच कमी ठेवलं आणि खलाशांना वाऱ्याच्या बाजूला कठड्यावर बसवून तोल सांभाळला. जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, डोलकाठीच्या मागपर्यंत बरंच ओढून घ्यायची मुभा होती, म्हणून जेनोआ अवाढव्य झाला आणि मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, अरुंद, उंच पट्टीसारखं उरलं. तुमच्या बोटीवर हे सगळं आहे. ३३ फूट लांबी आणि ही मापं पाहता ती थ्री-क्वार्टर टन वर्गाच्या आसपास बेतलेली असावी. त्या वर्गात रेटिंग २४.५ फुटांच्या आत ठेवायचं असायचं.

आता त्या काळच्या सगळ्याच बोटी एका मापानं मोजू नका. निव्वळ शर्यतीच्या बोटी होत्या, त्यांच्या पोटात झोपायला कापडी झोळ्यांपलीकडे काही नसायचं. आणि क्रूझर-रेसर होत्या, ज्यांत स्वयंपाकाचा ओटा, संडास, सहा जणांना झोपायची सोय आणि वर शर्यतीलाही उतरता येईल इतकी चाल. तुमची दुसऱ्या जातीची. कीलचं वजन एकूण वजनाच्या ४२ टक्के, हे त्या काळाच्या मानानं चांगलं आहे. ज्यानं ही आखली त्यानं नियमापुढे पूर्ण मान तुकवलेली नाही.

"धोक्याची" हा शब्द कुठून आला तेही सांगतो. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत येण्याच्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि वाटेत वादळ गाठलं. १५ स्पर्धक गेले, ५ बोटी बुडाल्या, २४ बोटी लोकांनी समुद्रात सोडून दिल्या. चौकशीत लक्षात आलं की रुंद, हलक्या, उथळ अंगाच्या बोटी लाटेनं उलट्या झाल्या की उलट्याच राहायला पाहतात. त्याच शर्यतीत सर्वांत लहान वर्गातून एकच बोट पूर्ण करून आली, काँटेसा ३२ जातीची. तीही तुमच्या बोटीच्याच दशकातली क्रूझर-रेसर, पण अरुंद, साडेनऊ फूट रुंद आणि जवळपास ४,३०० किलो वजनाची. १५० अंशांच्या पुढे कलली तरी सरळ होणारी.

त्या वादळानंतर एक साधं सूत्र वापरात आलं, ते तुम्ही घरी करून पाहू शकता. बोटीची रुंदी मीटरमध्ये घ्यायची. बोट जितकं पाणी बाजूला सारते त्याचं घनफळ काढायचं, त्याचं घनमूळ घ्यायचं, आणि रुंदीला त्यानं भागायचं. उत्तर २ च्या आत हवं. तुमच्या बोटीचं: ४,७६० किलोला समुद्राच्या पाण्याच्या १,०२५ नं भागलं की ४.६४ घनमीटर, घनमूळ १.६७. रुंदी ३.३५ मीटर. भागाकार २.०१. अगदी उंबरठ्यावर. काँटेसा ३२ चं उत्तर १.८ च्या आसपास येतं. या सूत्रात कील किती खोल आहे, वजन किती खाली आहे, हे येत नाही, त्यामुळे हा निकाल मानू नका, फक्त इशारा माना. माझ्या लेखी त्याचा अर्थ इतकाच: नोव्हेंबर ते मे गोवा, वेंगुर्ला, मालवण, कारवार करायला ही बोट उत्तम. दक्षिण महासागराची स्वप्नं पडत असतील तर दुसरी बोट शोधा.

स्वप्नं बघू नका असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या चमूनं १९८५ ते १९८७ मध्ये "तृष्णा"वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, शिडाच्या बोटीतून ती करणारे ते पहिले भारतीय. ती बोट सेकंड हँड घेतलेली स्वान ३७ होती, स्पार्कमन अँड स्टीफन्सच्या आराखड्याची. शर्यत आणि प्रवास दोन्हींसाठी काढलेली. पुढे दिलीप दोंदे ज्या बोटीतून एकटे जग फिरून आले, आणि नंतर अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले, ती गोव्यात बांधलेली ५६ फुटी "म्हादई". आमच्या तालुक्यातल्या नदीचं नाव त्या बोटीवर आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले ते रस्लर ३६ मधून. त्या शर्यतीत १९८८ च्या आधीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात, त्याही लांब कीलच्या. जुना आराखडा म्हणजे वाईट आराखडा नव्हे, हे यावरून दिसतंच. मात्र त्या बोटी आणि तुमची बोट यांचं कूळ वेगळं आहे.

चालीकडे वळू. तुम्ही विचारलंय, जास्तीत जास्त वेग किती. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या स्वतःच्या लाटेनं बांधलेला असतो. पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं, फुटांतलं, वर्गमूळ काढून १.३४ नं गुणा. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे ६.७ नॉट, ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास. बोट कलली की नाळेचा (पुढच्या टोकाचा) आणि पिछाडीचा पाण्यावर लटकलेला भाग पाण्यात उतरतो, रेषा २७ फुटांची होते आणि वेग ७ नॉटपर्यंत जातो. आज बांधलेल्या ३३ फुटी बोटीची पाण्याची रेषा ३० फूट सहज भरते, तिला ७.३ मिळतात. कागदावर फरक एवढासाच, पण नवी बोट हलकी आणि मागे रुंद असल्यानं मागच्या वाऱ्यात लाटेवर चढून घसरू शकते. तुमची नाही घसरणार. वजन आणि लांबीचं जे गुणोत्तर काढतात ते तुमच्या बोटीचं ३०० येतं. ही भारदस्त बोट आहे, तिच्याकडून उड्यांची अपेक्षा ठेवू नका. शीड आणि वजनाचं गुणोत्तर मात्र १७.४ आहे, म्हणजे वारा मंद असला तरी ती इंजिनावर विसंबून राहणार नाही.

आणि वाऱ्याच्या तोंडावर ती खरोखर गुणी आहे. खोल कील, अरुंद नाळ, जड अंग. लाटेवर आपटत नाही, लाट चिरत जाते. नव्या रुंद बोटीत समोरच्या लाटांवर दोन तास बसलात की दात हलतात, या बोटीत चहा करता येतो. वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन धरून साडेपाच नॉट ही तिची आरामाची चाल. एक हिशोब करून ठेवा. पणजीहून मालवण सरळ रेषेत साधारण ४० सागरी मैल. दुपारी खारे वारे वायव्येकडून येतात, म्हणजे अगदी तोंडावर. टॅक घेत, नागमोडी जायचं तर ४० चे ५६ मैल होतात, दहा तास. त्यापेक्षा आपल्या किनाऱ्यावरचे जुने तांडेल करायचे ते करा. पहाटेच्या आधी निघा. तेव्हा जमिनीकडून मतलई वारा असतो, तो बाजूनं लागतो, किनारा उजव्या हाताला ठेवून सरळ रेषेत उत्तरेला जाता येतं. दहा-अकराला तो मरतो, तासभर शीड लोंबतं, मग खारा वारा सुटतो. तोवर तुम्ही निम्म्याहून पुढे गेलेले असता.

या बोटी "हळू" म्हणून बदनाम होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लोक त्या जास्त कलवून चालवतात. आजच्या बोटीची सवय असलेला माणूस वारा वाढला की आधी मेनसेल लहान करतो. इथे ते उलटं पडतं. तुमच्या बोटीचं इंजिन म्हणजे जेनोआ. मेनसेल लहान केलंत आणि जेनोआ पूर्ण ठेवलात तर बोट कललेलीच राहते आणि तिरकी वाहवत जाते. वारा १४-१५ नॉटवर गेला की आधी जेनोआ लहानातला चढवा किंवा गुंडाळून कमी करा, मग गरजेप्रमाणे मेनसेलला रीफ घ्या, म्हणजे खालून दुमडून लहान करा. २० ते २२ अंशांच्या पुढे कलू देऊ नका. त्याच्यापुढे मध्ये फुगलेलं अंग एका बाजूनं पाण्यात रुततं, दुसरी बाजू उचलते, पाण्यातला आकार वाकडा होतो आणि बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते. टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, तुमच्या हातात जड होतो. तो जड झाला म्हणजे सुकाणू पाण्यात आडवं धरलंय, म्हणजे ब्रेक लावून गाडी चालवताय. हलक्या हातानं, दोन बोटांत टिलर राहिला पाहिजे. तुम्ही गेलात त्या दिवशी मालकानं हेच बरोबर केलं असणार, म्हणून बोट आवडली.

मागच्या वाऱ्याचं दुखणं औषधानं कमी होतं, बरं होत नाही. पिछाडी अरुंद असल्यानं मागून लाट आली की बोटीला मागे आधार नाही. वरून शीड थेट डोलकाठीच्या टोकाला, त्यामुळे ओढ सगळी उंचावर. एकदा डावीकडे झुकली की शीड तिला उजवीकडे खेचतं, आणि झोका दर खेपेला वाढत जातो. एकदा डिसेंबरात वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह डाव्या हाताला ठेवून दक्षिणेला परत येत होतो. बोट तुमच्यासारखीच, ३४ फुटी. वारा १८ नॉट, स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्यासाठीचं फुग्यासारखं शीड, चढवलेला, पोरं खूश. चौथ्या झोक्याला बोट उजवीकडे इतकी झुकली की सुकाणू निम्मं पाण्याबाहेर आलं. टिलर हातात एकदम हलका झाला. तो हलकेपणा मी विसरणार नाही. दुसऱ्या क्षणाला बोट वाऱ्याकडे गर्रकन फिरून आडवी झाली, स्पिनेकरचं टोक पाण्यात, कॉकपिटमध्ये गुडघाभर पाणी. शीट, म्हणजे शीड ओढून धरणारा दोर, सोडून दिली तशी ती वीसेक सेकंदांत सरळ झाली. कुणाला काही झालं नाही, कारण सगळे पट्ट्यानं बांधलेले होते. चूक माझी होती, स्पिनेकर अर्धा तास आधी उतरायला हवा होता.

म्हणून या बोटीला वारा बरोबर पाठीवर घेऊच नका. वाऱ्यापासून १५० अंशांचा कोन धरा, थोडं तिरकं जा, मग जाईब घेऊन, म्हणजे पिछाडी वाऱ्यातून फिरवून, दुसऱ्या बाजूनं तिरकं या. अंतर थोडं वाढतं, पण झोके निम्मे होतात आणि वेग वाढून वेळ भरून निघतो. जेनोआ काठीनं दुसऱ्या बाजूला बांधा, त्याची शीट पुढून खाली खेचा म्हणजे शीड सपाट राहील आणि वरचा भाग फडफडणार नाही. बूमला, म्हणजे मेनसेलच्या खालच्या आडव्या काठीला, पुढून दोर बांधून ठेवा, अचानक पलीकडे झेपावला तर डोकं फुटतं. जड सामान, पाण्याचे कॅन, नांगराची साखळी मध्यावर आणि खाली. मास्तरांना निघण्याआधी अर्धा तास गोळी द्या.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो त्याकडे येतो: कील.

फाउंड्रीवाल्या मित्रासाठी एक गोष्ट. शिशाची घनता बिडाच्या दीडपटीहून जास्त. शिसं ११.३, बीड साधारण ७.२. म्हणून त्याच वजनाची बिडाची कील जाडजूड होते आणि तिचं वजन थोडं वर राहतं. शिशाची कील महाग, म्हणून त्या काळच्या बऱ्याच क्रूझर-रेसरना बिडाची दिली गेली. बीड टणक, खडकावर आदळलं तर शिसं चेपून धक्का गिळतं, बीड गिळत नाही. तो धक्का सरळ बोटीच्या बुडात जातो. तुमची बोट ६ फूट २ इंच बसते आणि आपल्याकडच्या नद्यांच्या मुखांवर वाळूचे बांध आहेत. पन्नास वर्षांत ती कुठेतरी बसली असणारच. त्यामुळे आधी आत जा, लाकडी फळ्या काढा, कीलच्या मागच्या टोकाच्या वर बॅटरी मारा. कील समोरून आदळली की तिचं मागचं टोक वर दाबलं जातं. तिथले आडवे फायबरचे पट्टे तडकलेले, जोडावरून सुटलेले किंवा नंतर कुणी घाईनं डागडुजी करून रंगवलेले दिसले, तर किंमत निम्मी धरा किंवा निघून या. बाहेरून कील आणि बूड जिथे मिळतात तिथे पुढच्या बाजूला हसल्यासारखी आडवी फट पडते, तीही बघा. तिथून गंजाचे ओघळ येत असतील तर बोल्टपर्यंत पाणी पोचलेलं आहे.

बोल्ट वरून बघून काही कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका यार्डात मी अशीच कील तपासत होतो. आठ बोल्ट, सगळ्यांचे नट चकचकीत, वरच्या बाजूला गंजाचा एक ठिपका नाही. मालक म्हणाला, स्टेनलेसचे आहेत, काय होणार? मी एक काढायचा आग्रह धरला. दोन दिवस तेल सोडून, गरम करून, लांब पाइप लावून तो एकदाचा फिरला. बाहेर काढला तर वरची बाजू नव्यासारखी, खालचे आटे नव्यासारखे, आणि मध्ये, बरोबर बूड आणि कील मिळतात त्या पातळीला, डमरूसारखी कंबर पडलेली. तो बोल्ट पिशवीत घालून मी चोर्ल्यातून वर आलो आणि उद्यमबागेतल्या एका टर्नरच्या हातात दिला. त्यानं व्हर्नियर लावला. २४ मिलिमीटरची सळी, कंबरेला १५. टर्नर बराच वेळ तो फिरवून बघत राहिला, मग म्हणाला, "हे लोडखाली होतं व्हय?" लोडखाली होतं, दोन टन.

असं होण्याचं कारण सोपं आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या बारीक थरामुळे, आणि तो थर टिकायला हवा लागते. जोडातल्या फटीत खारं पाणी अडकून राहतं, त्यातला प्राणवायू संपतो, थर तुटतो आणि धातू आतून कुरतडला जातो. नट हवेत असतो म्हणून तो चमकत राहतो. तेव्हा वर चमक दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

तुमचा फायदा असा की बेळगावात तुमच्या हाताशी जे आहे ते गोव्यातल्या बऱ्याच बोटमालकांच्या हाताशी नाही. अल्ट्रासॉनिक तपासणी तुमच्या कास्टिंगसाठी रोज होते. त्याच माणसाला गाडीत घालून घेऊन या. स्टडच्या, म्हणजे कीलच्या त्या बोल्टच्या, डोक्यावरून प्रोब लावला की सळी सलग आहे की मध्ये तुटली-झिजली आहे याचा अंदाज येतो. तरीही एक स्टड काढून डोळ्यांनी बघाच. बदलायचे झाले तर आटे, लांबी, पाना सगळं मापून घ्या, सळी स्टेनलेसच्या ३१६ ग्रेडची घ्या, सर्टिफिकेटसह, ३०४ नको. आटे उद्यमबागेत पाडून मिळतील. कीलचं बीड सगळीकडे गंजलेलं दिसेल, त्याला घाबरू नका, वरचा गंज फसवा असतो. ग्रिट ब्लास्ट करून त्याच दिवशी, दमट हवा लागायच्या आत, इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात द्यायचा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर गोव्याची हवा रातोरात पुन्हा तांबूस थर आणते.

डेकची तपासणी हातोडीनं. त्या काळी डेक हलका व्हावा म्हणून फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा घालत. स्क्रू-बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की तो गाभा कुजून चिखल होतो. प्लास्टिकच्या हातोडीनं वीतभर अंतरावर ठोकत जा. ठणठणीत आवाज चांगला, बद्द आवाज कुजलेला. खडूनं खुणा करा. दोन-तीन ठिकाणी हातभर डाग असतील तर दुरुस्ती होते. डोलकाठीभोवती आणि तारांच्या पट्ट्या डेकमधून आत जातात तिथे बद्द वाजलं तर काम मोठं आहे, कारण सगळा ताण तिथेच. आमच्या पावसात छपराचं कौल एक फुटलं तर वाशाचं काय होतं हे खानापूरच्या माणसाला सांगायला नको.

डोलकाठीच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलायच्याच असं धरून किमतीत वळतं करा. दहा-पंधरा वर्षांहून जुन्या तारांवर मी माणसं समुद्रात पाठवत नाही. तार ज्या नळीत दाबून बसवलेली असते त्या नळीवर केसाएवढी चीर पडते, ती डोळ्याला दिसत नाही. तुमच्या फाउंड्रीत डाय पेनिट्रंटचे डबे असतीलच. लाल मारा, पुसा, पांढरा मारा, चीर असेल तर लाल रेघ आपोआप उमटते. सोपं काम आहे.

सुकाणूच्या तळाला छोटं भोक पाडायची परवानगी मागा. पाणी टपकलं तर आतला फोम भिजलाय आणि आतले वेल्ड गंजत असणार. बुडावरचे फोड पाहून लोक घाबरतात, मला त्यांची भीती वाटत नाही. फोडलं तर आंबट वासाचं पाणी येतं, वाळवून, घासून, इपॉक्सी मारून निभावतं. त्यानं बोट बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही. इंजिन चालू करून धूर आणि पाण्याचा फवारा बघा, बाकी डिझेलचा मेकॅनिक तुमच्याकडे आहेच. शिडं जुनी असतील तर मेनसेल चालवून घ्या आणि पैसे जेनोआवर घाला. ताणून पोतं झालेल्या जेनोआनं हीच बोट वाऱ्याच्या तोंडाकडे दहा अंश कमी चढेल आणि मग तुम्हीही तिला हळू म्हणाल.

पावसाळ्याचा खर्च आत्ताच हिशोबात धरा. जूनपासून चार महिने बोट जमिनीवर, नीट टेकू देऊन, वर ताडपत्री, कॉकपिटची पाणी जायची भोकं दर आठवड्याला मोकळी. एका बोटीत पानं अडकून कॉकपिट भरलं आणि पाणी आत इंजिनपर्यंत गेलं, असं मी पाहिलंय. यार्ड ठरवण्याआधी वाटेतल्या पुलांखालून डोलकाठी जाते का हे मोजून घ्या.

हिडकलच्या जलाशयावर ठेवता येईल का, असंही एकानं विचारलंय. ही नाही. सहा फूट बसणारी बोट उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चिखलात आडवी पडेल. तिथे परवानगी मिळाली तर एखादी छोटी दोन माणसांची बोट ठेवा आणि तिघेही आधी तिच्यावर शिका. वारा गालाला लागल्यावर कुठून आला हे न बघता सांगता आलं, की मग मोठी हातात घ्या.

मालकाला फोन करून बोट क्रेननं पाण्याबाहेर काढून दोन दिवस ठेवायला सांगा. खर्च तुम्ही द्या, पण कील एक दिवस वाळू द्या, ओल्या जोडावर ओघळ दिसत नाहीत. तो नाही म्हणाला तर मला कळवा, मी दुसऱ्या दोन बोटी सुचवेन. हो म्हणाला तर दिवस ठरवा. पहाटे पाचला जांबोटीच्या फाट्यावर भेटू, म्हणजे उन्हं चढायच्या आत यार्डात पोचू. अल्ट्रासॉनिकवाला तुमचा, हातोडी आणि खडू मी आणतो.